डाळीच्या पिठाचा हिशेब

आमच्या घरात डाळीच्या पिठाचा एक डबा आहे. तसा तो सगळ्यांच्याच घरात असतो. पण आमच्या डब्याचा हिशेब गेल्या महिन्यात लागेना. मी बँकेत कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब जुळवल्यामुळे घरातली एक वाटी इकडची तिकडे झाली तरी मला झोप येत नाही. महिन्याला एक किलो पीठ आम्हाला पुरतं. आठवड्याला एकदा पिठलं, पावसाने निमित्त दिलं तर भजी, आणि कढीला लावायला चमचाभर. गेल्या महिन्यात पिठलं एकदाच झालं, भजी झालीच नाहीत, आणि तरीही वीस तारखेला डब्याचा तळ दिसला.

मी सौभाग्यवतींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, मी काय कोरडं पीठ खाते का?" हा खुलासा मला समाधानकारक वाटला नाही, पण तसं बोलून दाखवण्याची माझी लग्नापासूनच प्रथा नाही.

रविवारी सकाळी चोर सापडला. न्हाणीघराचं दार उघडलं आणि आमची मनू बाहेर आली. कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळीजर्द, नुसती जेजुरीहून येत असल्यासारखी. डाळीचं पीठ, हळद आणि साय. सायीचाही हिशेब लागत नव्हता, तो त्याच क्षणी लागला.

"बाबा, हसू नकोस हं," ती म्हणाली. आता असं सांगितल्यावर माणूस हसणारच. मी हसलो आणि ती रडायला लागली. पिवळ्या चेहऱ्यावरून दोन सरळ रेघा ओघळल्या. मनू दहावीत आहे. वर्गातली एक मुलगी तिला सगळ्यांसमोर "मिशीवाली" म्हणाली होती. महिनाभर पोरगी हे कुणाला न सांगता रोज पहाटे उठून पीठ लावत होती, आणि मी तिकडे पिठलं मोजत होतो.

अशा वेळी बापाने काहीतरी शहाणपणाचं बोलायचं असतं. मला ते सुचलं नाही. बँकेत एखादी रक्कम जुळत नसली की आम्ही जुनी खातेवही काढतो आणि मागे मागे जात पहिली नोंद शोधतो. मीही तेच केलं. या पिठाच्या खात्याचा ओपनिंग बॅलन्स कुठला, ते शोधायला बसलो.

आमच्या घरातली पहिली नोंद आजीची. घरात मूल जन्माला आलं की आजी त्याला तेल लावायची आणि मग डाळीच्या पिठाचा मऊ गोळा त्याच्या पाठीवर, कपाळावर, दंडांवर फिरवायची. अंगावरची लव जाते, असं तिचं म्हणणं. आणि खरोखरच महिना-दोन महिन्यांत लव जायची. चार मुलं आणि नऊ नातवंडं, प्रत्येकाची गेली. एवढ्या पुराव्यापुढे शंका घेणार कोण? डॉक्टरमंडळी म्हणतात की ही लव मूल पोटात असतानाच उगवते आणि जन्मानंतर काही आठवड्यांत आपली आपणच गळून जाते. गोळा फिरवा, नका फिरवू. म्हणजे निसर्गाने भरलेली रक्कम आजीने स्वतःच्या खात्यात जमा करून घेतली होती. सगळ्याच घरगुती उपायांचं गुपित बहुधा यात आहे. जे आपोआप होणारच असतं, त्याच्या आदल्या दिवशी उपाय सुरू करायचा.

तरी पिठाला अगदीच बाद ठरवू नये. पीठ तेलकटपणा ओढून घेतं, घासताना वरची मेलेली त्वचा निघते, साय कोरडेपणा घालवते, आणि कोरडी त्वचा मुळातच राखी दिसत असल्यामुळे चेहरा उजळ वाटतो. हळदीचा पिवळेपणा थोडा वेळ राहतो, तोही मदतीला येतो. वाळलेलं पीठ चोळून काढताना चार केस उपटले जातात. संध्याकाळपर्यंत सगळं पूर्ववत. थोडक्यात, हे चालू खातं आहे. भरत राहा, काढत राहा; व्याज मिळत नाही.

मी आणखी मागे गेलो, तर थेट रोममध्ये पोचलो. नीरो बादशहा आपल्याला माहीत आहे. त्याची बायको पॉपिया सबायना. ही बाई प्रवासाला निघाली की बरोबर पाचशे गाढवी घेऊन निघायची, कारण कांती गोरी राहण्यासाठी तिला गाढवीच्या दुधात आंघोळ करायची असे. प्लिनी नावाच्या रोमन पंडिताने हे लिहून ठेवलं आहे. गाढवी गाईच्या मानाने फारच थोडं दूध देते, म्हणून आकडा एवढा मोठा. आपल्याकडे गाढवीचं दूध घेऊन माणसं गल्लीतून ओरडत येतात आणि लहान मुलांच्या खोकल्यासाठी ते चमच्याने विकतात. त्या भावाने पॉपियाबाईंच्या एका आंघोळीचा खर्च मी काढायला घेतला होता. हिने कॅल्क्युलेटर काढून घेतला. तसं पाहिलं तर आंबलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल असतं आणि ते मेलेली त्वचा सैल करतं, हे शास्त्राला मान्य आहे. पण त्याच गुणाचं दही आमच्या फ्रीजमध्ये असतं आणि त्याला पाचशे जनावरांची वैरण लागत नाही.

त्याच रोममध्ये ओव्हिड नावाच्या कवीने चेहरा उजळण्याच्या कृती चक्क पद्यात लिहिल्या. जवाचं पीठ, कडधान्याचं पीठ, अंडी, मध, नार्सिससचे कंद. म्हणजे कंद आणि अंडी वगळली तर आमच्या मनूचीच वाटी. दोन हजार वर्षांपूर्वी एखादा रोमन गृहस्थही पिठाच्या डब्यात डोकावून बुचकळ्यात पडला असेल, या विचाराने मला फार बरं वाटलं.

जपानात उगुइसु नावाचा एक गाणारा पक्षी आहे. त्याची विष्ठा वाळवून, पूड करून तिथल्या बायका चेहरा उजळायला वापरत. हे मी जेवताना सांगितलं, ते चुकलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढची पानं मात्र तशी नाहीत. युरोपातल्या श्रीमंत बायका शतकानुशतकं तोंडाला शिशाचा सफेदा फासत आल्या. व्हेनिसचा सफेदा सर्वांत उंची समजला जाई. शिसं अंगात भिनलं की त्वचा खराब होते. मग ती झाकायला आणखी सफेदा. आपल्याकडे सावकाराचं कर्ज फेडायला दुसऱ्या सावकाराकडून कर्ज काढतात, त्यातलाच प्रकार. मारिया गनिंग ही अठराव्या शतकातली इंग्लंडमधली नावाजलेली सुंदरी. १७६० साली वयाच्या २७व्या वर्षी ती वारली. तोंडाला फासलेल्या सफेद्याने तिचा घात केला, असं तेव्हापासून सांगत आले आहेत.

शिशाच्या जोडीला पारा. पाऱ्याचे क्षार त्वचेतला रंग तयार होऊ देत नाहीत, हे खरं. पण ते मूत्रपिंडाचीही वाट लावतात. जगातल्या देशांनी २०१३ साली पाऱ्याविरुद्ध जो मिनामाता करार केला, त्यात गोरं करणारी पाऱ्याची क्रीमं मुद्दाम नाव घेऊन घालावी लागली. याचा अर्थ ती तेव्हाही खपत होती.

आता पुन्हा घरची नोंद. ही आमच्या ताईची.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. साताऱ्याला आमचं बिऱ्हाड होतं. ताई हुशार, गाणारी, अक्षर मोत्यासारखं, आणि सावळी. यातलं शेवटचं विशेषण पाहुणे सर्वांत आधी वाचत. १९९३ साली तिला दाखवायला सुरुवात झाली आणि घराचा दवाखाना झाला. मसुरीची डाळ दुधात भिजू लागली, संत्र्याच्या साली गच्चीवर वाळू लागल्या, मुलतानी माती किलोने आली. पहिल्या दोन स्थळांकडून उत्तर आलं, "मुलगी चांगली आहे, पण..." या "पण"नंतरचं वाक्य पोस्टकार्डावर कुणी लिहीत नसे.

तेव्हा मुंबईहून मामी आली आणि तिने शास्त्रीय उपाय आणला. औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणायचं, त्यात अमोनियाचे थेंब टाकायचे, कापसाने ओठांवर लावायचं. हा पेरॉक्साइड १८१८ साली थेनार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधला. १८६७च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लंडनच्या एका अत्तरवाल्याने आणि पॅरिसच्या एका केशकर्तनकाराने त्याने केस सोनेरी करून दाखवले आणि मग ती बाटली जगभर निघाली. साताऱ्याला पोचायला तिला सव्वाशे वर्षं लागली. केसात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, त्याचा रंग पेरॉक्साइड उडवतं. अमोनियाचं काम घाई करण्याचं. काउंटरपलीकडून "लवकर करा हो" म्हणणारा गिऱ्हाईक असतो ना, तो अमोनिया.

उपाय शंभर टक्के यशस्वी झाला. ताईच्या ओठांवरची लव सोनेरी झाली. पण गोऱ्या ओठांवर सोनेरी लव दिसत नाही, सावळ्या ओठांवर ती दिव्याच्या माळेसारखी चमकते, हे मामीला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या स्थळाची मंडळी आली. ट्यूबलाइटखाली ताई पोहे घेऊन उभी. मुलाबरोबर त्याचा पाच-सहा वर्षांचा पुतण्या होता. त्याने मोठ्याने विचारलं, "काकू, तुम्ही पिवळी मिशी का लावलीय?" सगळे हसले. मी पंधरा वर्षांचा होतो, मीसुद्धा हसलो. ताईने पोह्यांच्या बशा व्यवस्थित वाटल्या आणि ती आत गेली.

चौथ्या स्थळाच्या वेळी लिंबू. लिंबाने डाग जातात म्हणून ताई तोंडाला लिंबाचा रस चोळून गच्चीवर उन्हात बसली. इथे मला व्हेनिसच्या बायकांची आठवण होते. सोळाव्या शतकात त्या घराच्या छपरावर लाकडी सज्जात बसायच्या. डोक्यावर नुसत्या काठाची, मधला भाग कापलेली टोपी. केस वरून बाहेर काढून त्यांना औषधी पाणी लावायचं आणि ऊन द्यायचं, चेहरा मात्र काठाच्या सावलीत ठेवायचा. वेचेल्लिओ नावाच्या गृहस्थाने वेशभूषांवरच्या पुस्तकात १५९० साली याचं वर्णन करून ठेवलं आहे. त्या बायकांना एक गोष्ट पक्की कळली होती: केस मेलेला असतो, त्याचा रंग ऊन उडवतं, कातडी जिवंत असते, ती उन्हापासून वाचायला रंग वाढवते. आमची ताई नेमकी उलटी बसली होती. केसांवर पदर, चेहरा उघडा. त्यातून लिंबाच्या रसात असा पदार्थ असतो की त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजते. तिच्या गालांवर तपकिरी ओघळ उमटले, ते जायला कित्येक महिने लागले. चौथ्या स्थळाला "मुलीची तब्येत बरी नाही" असं कळवावं लागलं.

पुढे ट्यूबांचा जमाना. तसा बाजार जुनाच. १९१९ साली मुंबईत पाटणवालांनी अफगाण स्नो काढला, तो आमच्या आजीच्याही फडताळात होता. १९७५ साली फेअर अँड लव्हली आली आणि जाहिरातींतून मुलींना नवरा, नोकरी, आत्मविश्वास, सगळं एका ट्यूबमधून मिळू लागलं. सावळ्या माणसाला हिणवणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे नियम जाहिरातवाल्यांच्याच मंडळाने २०१४ साली केले आणि २०२० साली त्या ट्यूबच्या नावातलं "फेअर" जाऊन "ग्लो" आलं. शाखेची पाटी बदलली की गिऱ्हाईक बदलतं असं नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

रंग घालवणाऱ्या एका औषधाचा शोध कसा लागला, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एका चामडं कमावण्याच्या कारखान्यात मजुरांच्या हातांवर पांढरे चट्टे उठू लागले. शोध घेतला तर त्यांच्या रबरी हातमोज्यांत घातलेलं एक रसायन कातडीचा रंग खात होतं. १९३९ साली हे प्रसिद्ध झालं. कामगारांचा तो रोग. आणि लवकरच त्याच घराण्यातली रसायनं गोरेपणाच्या क्रीममध्ये गेली. अलीकडे स्टेरॉइडची मलमं कुणीही कुणाच्या सांगण्यावरून तोंडाला लावू लागलं. चेहरा पातळ होतो, लाल होतो, आणि विशेष म्हणजे त्याने चेहऱ्यावर केस वाढू शकतात. सरकारने २०१८ साली अशी चौदा मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

एवढी सगळी खटपट कशासाठी? गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेतल्या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कशा प्रकारचा रंग तयार करतात, यात. आमच्या भाषेत सांगायचं तर शाखा सगळ्यांच्या तितक्याच, फरक ठेवींचा. आणि उन्हाच्या देशात ज्याच्या ठेवी जास्त तो सुरक्षित. तरी मोठी ठेव असलेला माणूस तोंड लपवत फिरतो, असं मी बँकेत कधी पाहिलं नाही.

हे सगळं मी इतक्या तत्त्वज्ञासारखं लिहितो आहे, तर आता माझीही नोंद दाखवली पाहिजे. हिशेबात ती लपवता येणार नाही.

२००५ साली माझ्या लग्नाचं निघालं. त्याच वर्षी पुरुषांसाठी वेगळं गोरेपणाचं क्रीम बाजारात आलं, आणि असलीच एक ट्यूब माझ्याही खणात होती, हे आज सांगायला हरकत नाही. वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म आणला. "अपेक्षा" या रकान्यात मी कच्चं लिहिलं: गोरी, पदवीधर, नोकरी असल्यास उत्तम. माझं अक्षर डॉक्टरांसारखं, म्हणून पक्का फॉर्म ताईने लिहून द्यायचा ठरला. ती माहेरी आली होती. तिने कच्चा कागद वाचला. काही बोलली नाही. टाक उचलावा तसं पेन उचललं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहायला लागली. "अपेक्षा" रकान्यापाशी आल्यावर एवढंच विचारलं, "गोरी जरा ठळक लिहू का रे?"

मी "नको" म्हणालो. "खोड ते" म्हणालो नाही. वीस वर्षं होऊन गेली, ती नोंद अजून उभी आहे.

माझ्या सासरेबुवांनीही मुलीच्या फॉर्मवर "गोरी" लिहिलं होतं. ही आहे गव्हाळ. मी फॉर्मवर "उंच" होतो. दोन्हीकडून खोट्या नोंदी झाल्यामुळे ताळेबंद जुळला आणि संसार सुरळीत सुरू झाला. ताईचं म्हणाल तर तिने १९९९ सालीच आपलं आपण जमवलं होतं. भावोजी तिच्याच शाळेत गणित शिकवायचे. तिने त्यांना आधीच विचारलं होतं म्हणे, "माझ्या रंगाचं काय?" ते म्हणाले, "कुठला रंग? शाळेच्या भिंतीला द्यायचाय तो?"

तर त्या रविवारी मी मनूला रोम, जपान, व्हेनिस सगळं ऐकवलं. तिने पाचशे गाढवींवर एकदा नाक उडवलं, बाकी गप्प. मग हिने शहाणपणा केला आणि ताईला फोन लावला.

"आत्या," मनूने हुंदका देत सगळं सांगितलं. पलीकडून ताई हसायला लागली. मग तिने सोनेरी मिशीची गोष्ट सांगितली, त्या पुतण्याचा आवाज काढून. मी ती गोष्ट तीस वर्षं कुणाजवळ काढली नव्हती. आणि ही बाई ती अशी सांगत होती की पिवळ्या तोंडाची मनू खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

"पीठ लावायचं तर लाव गं," ताई म्हणाली. "पीठ काही विष नाही. पण लिंबू लावून उन्हात बसू नकोस. केस काढावेसे वाटले तर काढ, न वाटले तर राहू दे. काढल्याने दाट होतात म्हणतात, ते खोटं."

ते खोटंच आहे. ट्रॉटर नावाच्या अमेरिकन बाईंनी १९२८ साली ते मोजून दाखवलं. आणि तसं नसतं तर मुंजीत माझी जी हजामत झाली होती, तिच्या हिशेबाने आज माझ्या डोक्यावर जंगल असायला हवं होतं.

आमच्या डॉक्टरीणबाईंनाही आम्ही नंतर विचारलं. या वयात ओठांवर लव गडद होते, बहुतेकींना होते, असं त्या म्हणाल्या. पाळी अनियमित असेल किंवा केस एकदम दाट होऊ लागले तर तपासून घ्यायचं. एरवी त्यात रोग काही नाही.

फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली, "आणि मनू, तुझ्या बाबाला विचार, त्याच्या लग्नाच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं. मीच लिहिलाय तो."

मनूने माझ्याकडे पाहिलं. हिने स्वयंपाकघरातून आवाज दिला, "सांगा की! मलाही ऐकू दे एकदा."

मी सांगितलं. ठळक लिहू का, हेसुद्धा सांगितलं. मनू बराच वेळ काही बोलली नाही. चेहऱ्यावरचं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. शेवटी म्हणाली, "बाबा, आणि तू तेव्हा आरशात पाहिलं नव्हतंस?"

"पाहिलं होतं," मी म्हणालो. "म्हणून तर ट्यूब आणली होती."

त्यावर ती हसली आणि तोंड धुवायला गेली.

पुढे काय करायचं, ते मनूने अजून ठरवलेलं नाही. त्या मुलीशी ती बोलली, एवढं कळलं. काय बोलली, ते कळलं नाही. या महिन्यात पीठ पंचवीस तारखेपर्यंत पुरलं. म्हणजे अजून पाच दिवसांची तूट आहे. ती मी तूर्त सस्पेन्स खात्यात टाकली आहे आणि कुणाला काही विचारलेलं नाही.